उशिरा बोलणारे मूल

“याचे वडीलही उशिराच बोलू लागले,” असे म्हणून पुष्कळ घरांत वाट पाहिली जाते. या दिरंगाईने मुलाचे नुकसान होते. दीड वर्षाचे मूल आधारावाचून चालत नसेल, अथवा दोन वर्षांचे मूल ‘आई, पाणी’ असे दोन शब्द जोडीत नसेल, तर त्याची तपासणी करवून घ्यावी. न बोलणाऱ्या मुलाचे कान प्रथम तपासावेत. जन्मतः बहिरे मूलही आरंभीचे काही महिने हुंकार देते. तेथेच घरच्यांची फसगत होते. पाठीमागून हाक मारून पाहावी. ताट मात्र वाजवू नये, कारण त्याचा हादराही मुलास जाणवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. कार्यकर्त्यांनी ती तारीख आधी कळवावी व पालकांनी त्या दिवशी मुलास शेतावर नेऊ नये.