काळ्या जमिनीत इमारतीचा पाया

रब्बी ज्वारीस व कापसास जी काळी जमीन मानवते, तीच घराच्या भिंतीस मात्र वैरीण ठरते. शेतावर गोदाम, गोठा किंवा पंपघर बांधावयाचे झाले म्हणजे शेतकरी सोयीची जागा पाहतो. माती पाहत नाही. पुढे दोन-तीन वर्षांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात, कवाडे अडकू लागतात व दोष गवंड्याच्या माथी येतो. गवंड्याचाही दोष असू शकतो. परंतु काळ्या जमिनीत प्रथम संशय पायाखालच्या मातीचा घ्यावा.

दख्खनच्या पठारावरील ही माती बहुतांशी बेसाल्ट खडक कुजून तयार झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची अतिसूक्ष्म चिकणमाती असते. या मातीचे कण पत्त्यांच्या जुडग्यासारखे थरांचे असून थरांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. त्यामुळे माती फुगते, व पाणी निघून गेले की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा प्रत्येकाने पाहिल्या आहेत. या भेगांमुळे जमीन आपोआप भुसभुशीत होते, हा पिकाचा लाभ आहे. भिंतीखाली मात्र हीच हालचाल घातक ठरते, कारण ती सर्वत्र सारखी होत नाही. इमारतीच्या मध्याखालील ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात वर उचलते व उन्हाळ्यात खाली बसते. गोठा किंवा पंपघर यांसारख्या हलक्या बांधकामाचे वजन हा दाब रोखण्यास अपुरे पडते.

माती किती फुगणारी आहे हे पाहण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानकांत दिली आहे. भट्टीत वाळवून चाळलेली, ०.४२५ मिलिमीटरहून बारीक अशी १० ग्रॅम माती दोन वेळा तोलून घ्यावी. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांपैकी एकीत शुद्ध पाणी व दुसरीत रॉकेल घेऊन प्रत्येकीत ही माती टाकावी, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत व २४ तास स्थिर ठेवावी. रॉकेलात माती फुगत नाही. म्हणून दोन्ही नळ्यांतील फरक हाच तिचा फुगारा होय. रॉकेलात १० व पाण्यात २० मिलिलिटर भरल्यास फुगारा १०० टक्के झाला. ५० टक्क्यांहून कमी असल्यास चिंता थोडी. १०० टक्क्यांच्या पुढे मात्र साधा उथळ पाया घालू नये. रॉकेल आता सहज मिळत नाही, तरी एवढ्यापुरते मिळवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नमुना वरच्या थराचा न घेता, पाया जेथे बसणार त्या खोलीवरचा घ्यावा.

आपल्या पूर्वजांनी गाव पांढरीवर वसविले व काळी शेतीस ठेविली, यात बरेच शहाणपण होते. तशी जागा नसेल तर पाया मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट अभियंत्याच्या सल्ल्याने घालता येतात. खर्च वाढतो खरा, परंतु भेगाळलेले गोदाम पुन्हा बांधण्याचा खर्च याहून जड असतो.

दुसरा मार्ग मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी व त्यांच्याबरोबर संशोधन करणाऱ्यांनी दाखविला. काळी माती काही खोलीपर्यंत काढून तिच्या जागी न फुगणारी, पण चिकटपणा असलेली मुरमाड माती ओलवून धुमसली, तर खालच्या थराचा फुगारा आवरला जातो. नुसती वाळू भरून हे काम होत नाही. कालव्याच्या अस्तराखालीही ही पद्धत उपयोगी पडली आहे.

पाया खोदून खड्डा उन्हात बरेच दिवस उघडा ठेवू नये, व बाजूच्या पोकळीत खोदून काढलेली काळी माती परत टाकू नये. भिंतीभोवती बाहेर उतार असलेली रुंद फरशी घालावी. मोरीचे व पन्हाळीचे पाणी दूर न्यावे. मोठे झाड भिंतीलगत लावू नये.

जुन्या इमारतीस भेग पडली असल्यास ती लगेच बुजवू नये. तिच्या दोन्ही कडांस सिमेंटने काचेची पट्टी चिकटवून, बसविल्याची तारीख भिंतीवर लिहावी व भेगेची रुंदी दरमहा मोजावी. ती ऋतूंबरोबर मिटत व उघडत असेल तर कारण मातीत आहे. अशा वेळी प्रथम पाण्याचा बंदोबस्त करावा आणि डागडुजी मागाहून हाती घ्यावी.