वर्गातला साधा स्पीकर स्पष्ट कसा ऐकू येईल? : सुरुवात शेवटच्या बाकापासून



आजचा विषय जरा वेगळा आहे. डिजिटल वर्ग म्हटलं की आपण टीव्ही, प्रोजेक्टर, लॅपटॉप यांबद्दल भरपूर बोलतो. पण त्यांना जोडलेल्या पाच-सातशे रुपयांच्या स्पीकरकडे कुणी फारसं बघत नाही. चित्र दिसतंय, आवाज येतोय, म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात ऑडिओ लावून श्रुतलेखन घेत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ‘फळ’चं ‘पळ’ लिहायची, ‘शाल’चं ‘साल’, ‘धार’चं ‘दार’. दोन आठवडे हेच चाललं. “लक्ष कुठे असतं तुझं?” असं म्हणून मी तिला रागावलेही. एक दिवस ऑडिओ चालू असताना सहज तिच्या शेजारी जाऊन बसले, तर मलाच ‘प’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येईनात! आवाज मोठा होता, पण शब्द कळत नव्हते. चूक तिची नव्हती. मी स्पीकर टेबलाखाली, कपाटाकडे तोंड करून ठेवला होता.

त्यानंतर जे शिकले, ते या लेखात सांगते. बहुतेक उपायांना एक रुपयाही लागत नाही. नवीन स्पीकर घेण्याआधी हे सगळं एकदा करून बघा.

आवाज येणं वेगळं, शब्द कळणं वेगळं

आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १२० हर्ट्झ असतो, बाईचा २०० च्या आसपास. स्वरांचा जोर या खालच्या भागात असतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख वरच्या भागात असते, साधारण २००० हर्ट्झच्या पुढे. ‘स’ची शीळ तर ४००० च्याही वर जाते. शिवाय स्वर दणकट असतात आणि व्यंजनं नाजूक. ‘प’ आणि ‘फ’ यांत फरक काय? हवेच्या एका फुंकरीचा! ती फुंकर हरवली की ‘फळ’चं ‘पळ’ होतं.

आता यातली गंमत बघा. खालचे सूर चारी बाजूंना पसरतात, कोपऱ्यातूनही वळून येतात. वरचे सूर मात्र टॉर्चच्या झोतासारखे बरेचसे सरळ जातात. त्यामुळे स्पीकरचं तोंड मुलांकडे नसेल, तर ‘घुमघुम’ पोचते आणि अक्षरं वाटेतच राहतात. अशा वेळी आपण आवाज वाढवतो आणि घुमघुमच वाढते.

पायरी १ : बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

स्पीकर बिघडला असं म्हणण्याआधी लॅपटॉपच्या जागी मोबाईल जोडा. मोबाईलवर आवाज चांगला आला, तर दोष लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या पिनच्या जागेत आहे. दोन्हीकडे खराब आला, तर वायर किंवा स्पीकर तपासायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही.

नेहमी दिसणारे बिघाड असे :

*संगीत ऐकू येतं, पण गाणाऱ्याचा आवाज गायब.* हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा मला वाटलं, फाइलच खराब आहे. कारण साधं होतं, पिन अर्धवट बसली होती. ऑडिओच्या पिनवर टोकाला डावी बाजू, मध्ये उजवी बाजू आणि मुळाशी दोघांची सामाईक वायर असते. मुळाशी संपर्क तुटला, की दोन्ही बाजूंमध्ये जो फरक असतो तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. पिन ‘टक्’ आवाज येईपर्यंत पूर्ण आत ढकला. डेस्कटॉप असेल तर मागच्या हिरव्या भोकात लावा. गुलाबी भोक माइकचं असतं.

*एकाच बाजूने आवाज.* पिनजवळ वायर हळूच वाकवून बघा. आवाज ये-जा करत असेल, तर वायर तिथे आतून तुटली आहे. नवी पिन दुकानदार काही मिनिटांत डाग देऊन बसवतो.

*आवाजाचं बटण फिरवलं की खरखर.* आत धूळ बसलेली असते. स्पीकर बंद करून बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. नाही गेली, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. खोबरेल तेल घालू नका. त्यावर आणखी धूळ चिकटते.

*सतत ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण.* आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, तिचाच हा आवाज. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. नाहीतर धड्याच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा. काही जण अर्थिंगची जाड पिन कापून टाकतात. हे कधीही करू नका. ती पिन मुलांचा जीव वाचवण्यासाठी असते. ऑडिओची वायर पूर्ण काढल्यावरही गुणगुण राहिली, तर स्पीकरच्या आतला वीजपुरवठ्याचा कपॅसिटर फुगला असण्याची शक्यता आहे. हे काम मेकॅनिकचं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून घरी उघडून बघू नका.

*मधूनच ‘टिर्र-टिर्र’.* स्पीकरजवळ मोबाईल ठेवलाय का ते बघा. तो दोन हात लांब ठेवा.

पायरी २ : आवाज कुठे किती ठेवायचा?

आपण एक चूक हमखास करतो. व्हिडिओचा आवाज पूर्ण, लॅपटॉपचा पूर्ण आणि स्पीकरचाही पूर्ण! मग आवाज फाटतो. लॅपटॉपचा आवाज ८० ते ९० टक्के ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. लॅपटॉपचा फार कमी ठेवून स्पीकरचा पूर्ण केला, तर खरखरही तेवढीच मोठी होते. काही प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेता येतो. गरज नसेल तर तिथे जाऊ नका, कारण आवाज फाटण्याची सुरुवात तिथेच होते.

स्पीकरला बेसचं बटण असेल तर कमी करा, ट्रेबलचं थोडं वाढवा. गाण्याला बेस छान वाटतो, पण धड्याला नाही. लॅपटॉपमध्ये इक्वलायझर असेल तर २०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी थोडी खाली आणा आणि २००० ते ४००० मधली थोडी वर न्या. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. जास्त वर नेलं तर ‘स’ कानाला टोचतो.

विंडोजमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय आहे, तो वर्गासाठी चालू ठेवा. दोन स्पीकर लांब ठेवले, तरी डावीकडच्या आणि उजवीकडच्या मुलांना सारखंच ऐकू येतं.

पायरी ३ : जागा बदला (सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो)

१. स्पीकर मुलांच्या कानांच्या उंचीवर किंवा किंचित वर ठेवा. टेबलाखाली, कपाटावर किंवा पडद्यामागे नको.

२. तोंड मुलांकडे असू द्या, थोडं मधल्या रांगांच्या दिशेने वळवलेलं.

३. कोपऱ्यात ठेवू नका. दोन भिंती आणि फरशी मिळून घुमघुम वाढवतात. भिंतीपासून निदान एक हात पुढे घ्या.

४. खाली जुना माउसपॅड किंवा घडी केलेलं जाड कापड ठेवा. टेबलाचा पत्रा थरथरायचा थांबतो.

५. जमलं तर स्पीकर पुढे आणा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की थेट पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाई होते. एक्स्टेंशन वायर घेऊन स्पीकर वर्गाच्या बाजूंना, मधल्या बाकांच्या थोडं पुढे ठेवले, तर पहिल्या बाकावर कान न फुटता शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचतात. वायर भिंतीच्या कडेने चिकटवा, मुलं अडखळायला नकोत.

आता वर्गाकडे बघा. उघड्या भिंती, फरशी आणि वर पत्रे असले की आवाज आपटून परत येतो. तो थोडा उशिरा पोचतो आणि पुढच्या अक्षरावर बसतो. मागच्या भिंतीवर जुनी सतरंजी किंवा जाड चादर लावली तर फरक पडतो. कागदी तक्त्यांनी फारसा पडत नाही. ऐकण्याच्या दहा मिनिटांत खडखडणारा पंखा बंद करा आणि रस्त्याकडची खिडकी लावून घ्या.

पायरी ४ : शेवटच्या बाकाची चाचणी

ही चाचणी मुलांसोबत करा, त्यांना फार आवडते. मोबाईलवर स्वतःच्या आवाजात दहा शब्द रेकॉर्ड करा. प्रत्येक जोडीतला एकच शब्द, कुठलाही :

पळ / फळ, ताट / थाट, साल / शाल, दार / धार, कडा / खडा, गर / घर, तर / थर, काल / खाल, बर / भर, डाळ / ढाळ

ते स्पीकरवरून लावा आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांना लिहायला सांगा. चुका मोजा. मग एकच गोष्ट बदला, समजा स्पीकर टेबलावर आणला, आणि क्रम बदलून पुन्हा रेकॉर्ड करून लावा. फळ्यावर तक्ता करा : काय बदललं आणि किती चुका झाल्या. विज्ञानातला ‘ध्वनी’ हा धडा यापेक्षा चांगला कुठे शिकवता येईल?

नवा स्पीकर घ्यायचाच असेल तर

खोक्यावरच्या ‘१००० वॅट पीएमपीओ’ला भुलू नका. त्या आकड्याला ठरलेलं मोजमाप नाही. ‘आरएमएस’ वॅट किती ते विचारा. फक्त यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचं गणित साधं आहे. यूएसबी २ चा नेहमीचा पोर्ट ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. घरी एका मुलाला टेबलावर एवढा पुरतो. चाळीस मुलांच्या वर्गाला मात्र स्वतंत्र प्लग असलेला स्पीकर बरा. दुकानात गाणं लावून बघू नका, धडा किंवा बातम्या लावा आणि दहा-बारा पावलं लांब जाऊन ऐका.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मूल ऑनलाइन धडा ऐकताना सारखं “काय?” म्हणत असेल, तर आधी वरच्या गोष्टी तपासा. स्पीकर नीट केल्यावरही, आणि समोरासमोर बोलतानाही ते चुकीचं ऐकत असेल, तर कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीत ऐकण्याच्या अडचणीही असतात. तेव्हा वर्गशिक्षकांना हे आवर्जून सांगा.

आमच्या वर्गात स्पीकर तोच आहे, फक्त टेबलाखालून वर आला. त्या मुलीच्या वहीत आता ‘फळ’ हे ‘फळ’च असतं. मी रागावले होते, त्याबद्दल तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “बाई, मला वाटायचं सगळ्यांनाच असं ऐकू येतं.”

म्हणून एवढंच सांगणं आहे. उद्या धडा लावल्यावर दोन मिनिटं शेवटच्या बाकावर जाऊन बसा.