खातं बंद! (भाग 7) : काठी नाही, चाबूक नाही, तरी स्ट्राइक

अपील समितीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळेवर टाकतो. मधेच येडगावहून एका वाचकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकूर आला, पाठोपाठ स्क्रीनशॉटची रांग लागली, आणि ते सगळं वाचून झाल्यावर समितीच्या कलमांत मन रमेना.

हे गृहस्थ शेतकरी. चार महिने टोमॅटोच्या मागं, बाकी वेळ उसाच्या. पण चैत्र लागला की पाय घरात ठरत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, जिथं यात्रा असेल तिथला बैलगाडा शर्यतीचा घाट गाठायचा, मोबाइल स्टँडवर लावायचा आणि एकेक बारी टिपायची. रात्री घरी येऊन गाड्याचं नाव, मालकाचं गाव आणि सेकंद टाकून पेजवर चढवायची. या पेजवर कमाई म्हणाल तर डिझेलसुद्धा सुटत नव्हतं. नाद एकच, तुम्हाला माहीत आहे कोणता. आणि एका सकाळी पेज गायब. कारण एका ओळीत दिलेलं: प्राण्यांवरील क्रौर्य. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दुसरी बाजू मी विचारलेली नाही, आणि आजच्या मुद्द्याला त्या नावाची गरजही नाही.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: “सर, घाटाला कलेक्टरची परवानगी, जनावरांचा डॉक्टर हजर, काठी कुणाच्या हातात नाही. मग क्रौर्य कुणी केलं?”

ज्या क्लिपवरून हे घडलं असावं ती त्यांनी मला पाठवली. मी ती थांबवून थांबवून पाहिली. खाली चार बैल जुंपलेले, पुढं घोडी. ज्यांनी आमच्याकडचा घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सांगली-साताऱ्याकडच्या सपाट मैदानावरच्या शर्यतीसारखा गाडीवान इथं गाड्यावर बसलेला नसतो. गाडा सुटला की बैल घोडीच्या मागं चढ चढत सुटतात आणि बारा-तेरा सेकंदांत खेळ संपतो. क्लिपमध्ये निवेदकाचा आवाज फाटलेला आहे, “भिर्रर्र”च्या पुढचं काही कळत नाही. दोन्ही अंगांना गर्दी, हात वर, टॉवेल हवेत. गाडा निशाणापलीकडं गेल्यावर एका बैलाचा पुढचा गुडघा टेकतो. दोन पोरं धावत येतात, एक वेसण धरतो, दुसरा जू सैल करतो. बैल उठतो, मान झटकतो. क्लिप संपते.

यात तुम्हाला-मला काय दिसतं ते वेगळं. यंत्राला काय दिसलं असेल याचा मी फक्त अंदाज करू शकतो: उगारलेले हात, हवेत फिरणारं काहीतरी लांबट, आरडाओरडा, आणि खाली बसलेलं जनावर. टॉवेल म्हणजे टॉवेल, हे कळायला यात्रेत एकदा तरी उभं राहावं लागतं.

आता बैलगाडाप्रेमी वाचक खूश होण्याआधी एक कडू गोष्ट बोलून टाकतो. बैलांना त्रास दिला जात नव्हता असं म्हणणं खोटं आहे. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं, बॅटरीचा शॉक देणं हे सगळं झालेलं आहे, आणि जुनी माणसं ते खासगीत मान्य करतात. जुलै 2011 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या जोडीला बैलाचंही नाव खेळात न वापरायच्या प्राण्यांत घातलं, ते उगीच नव्हे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि त्याबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या, तेव्हा त्यांच्यापुढं अशा छळाची वर्णनं होती. त्यामुळं शेपूट चावतानाची क्लिप कुणी कौतुकानं टाकली आणि ती उडाली, तर मी तरी वकीलपत्र घेणार नाही.

पण गोष्ट 2014 ला थांबली नाही. 2017 मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिला अडवलं, आणि मग चार वर्षं नुसतं वाट पाहणं. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या चौकटीत शर्यतींना परवानगी दिली. लगेच आंबेगावात लांडेवाडीचा घाट सजला होता, 1 जानेवारी 2022 चा मुहूर्त होता, पण करोनामुळं आदल्या दिवशी परवानगी मागं घेतली गेली. तिथून हिरमुसून परतलेली माणसं मला भेटलेली आहेत. त्यानंतर दीडएक महिन्यात खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीला खासदार अमोल कोल्हे गाड्यापुढं घोडीवर बसले. ते नारायणगावचेच, आणि निवडणुकीत तसा शब्द देऊन बसले होते. ती चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली. अखेर 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे बारा वर्षांत ही शर्यत बेकायदा झाली, कायदेशीर होता होता अडली आणि शेवटी कायदेशीर झाली. नियमही बारीक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, अंतर एक हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक काही नाही, आणि छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. वर शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यायचं. बैलाला त्रास झाला की नाही हे पाहायला सरकारला चित्रीकरण हवं आहे. कंपनीला त्याच कारणासाठी ते नको आहे.

याचा आणखी एक तोटा होतो, तो प्राणिमित्रांनी ध्यानात घ्यावा. छळाची क्लिप उडाली की छळाचा पुरावाही उडाला. 2017 मध्ये यूट्यूबच्या नव्या यंत्रणेने सीरियातल्या युद्धाच्या चित्रफिती अशाच काढल्या होत्या. हिंसेचं उदात्तीकरण करणाऱ्या आणि हिंसेची नोंद ठेवणाऱ्या चित्रफितींत तिला फरक करता आला नाही. पुढं खटल्यांत कामाला येऊ शकणारं कितीतरी साहित्य त्यात गेलं, आणि ते परत मिळवायला लोकांना झगडावं लागलं.

नियम कोण लिहितं, याचा माग काढताना मला एक गंमत सापडली. येडगावचं पेज कुठल्या कंपनीचं होतं ते बाजूला ठेवा. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांच्या नियमावलीत, आपण जनावराला इजा केल्याचं मिरवायला मनाई करणारं कलम वाचायला मिळतं. त्याखाली अपवाद आहेत: शिकार, मासेमारी, धार्मिक बळी, अन्नासाठी मारणं, आणि बैलझुंज. होय, भर रिंगणात बैलाला तलवारीनं मारतात ती बैलझुंज. स्पेन-मेक्सिकोतला खेळ कुणाला तरी आठवला असावा, कुणीतरी बैठकीत त्याची बाजू मांडली असावी, आणि तो यादीत बसला. जिथं बैल संध्याकाळी परत गोठ्यात येऊन पेंड खातो, त्या आमच्या घाटाचं नाव यादीत नाही. यात कुणाचं कारस्थान आहे असं मला वाटत नाही. त्या बैठकीला आपलं कुणी नसावं, एवढंच.

बरं, नियम नीट असला तरी तो लावणारं यंत्र अडाणी असू शकतं. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा करोनाने दिला. 2020 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत यूट्यूबने तपासणीची बरीच माणसं घरी पाठवली आणि यंत्राच्या हाती कारभार दिला. त्या तिमाहीत 1 कोटी 14 लाखांच्या आसपास व्हिडिओ काढले गेले, आधीच्या तिमाहीच्या जवळजवळ दुप्पट. त्यावर सव्वातीन लाखांच्या घरात अपिलं आली आणि त्यांतले निम्मे व्हिडिओ परत ठेवावे लागले. म्हणजे जो भांडायला गेला त्याच्या बाबतीत यंत्र दोनांत एकदा चुकलं होतं. जो गेलाच नाही, त्याचा हिशेब कुठं लागतो?

येडगावच्या जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या आकाशाकडं तोंड करून बसलेल्या. तिथल्या शास्त्रज्ञांचंही निम्मं आयुष्य हेच करण्यात जातं. मोबाइल, टीव्ही, विजेच्या तारा यांचा गोंगाट ओळखायचा आणि बाजूला काढायचा, म्हणजे ताऱ्याची बारीक कुजबुज ऐकू येते. काढताना हात जड पडला तर ताराही जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून मूळ नोंद जपून ठेवतात. शंका आली तर चाळणी बदलून पुन्हा चाळतात. आपल्या पेजवाल्याला ही सोय नाही. चाळणीचा आकार त्याला दाखवत नाहीत, आणि मूळ नोंदही कंपनीच्याच कोठारात.

मग कोर्टात जावं का, हा या लेखमालेत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाचं नाव काढलं की आपली छाती फुगते, आणि ते बरोबरच आहे. ऑगस्ट 2021 मध्ये पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर याच न्यायालयाने नव्या आयटी नियमांतल्या आचारसंहितेच्या तरतुदींना स्थगिती दिली. सप्टेंबर 2024 मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांच्या याचिकेवर सरकारी सत्यशोधन कक्षाची तरतूदच रद्द केली. पण हे दोन्ही विजय सरकारविरुद्धचे आहेत. घटनेतलं भाषणस्वातंत्र्य सरकारपुढं ठेवता येतं. कंपनी म्हणते, आम्ही खासगी, तुम्ही ‘मान्य आहे’वर बोट ठेवलंत, विषय संपला.

ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी नेमक्या या भिंतीवर धडक दिली. ऑक्टोबर 2019 मध्ये ट्विटरने त्यांचं खातं बंद केलं. कारणं दोन. त्यांच्या पानाच्या माथ्यावर 1936 मधलं हँबर्गचं ते प्रसिद्ध छायाचित्र होतं: सगळा जमाव नाझी सलाम ठोकतोय आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. यंत्राने त्यात नाझी पाहिले, घडी पाहिली नाही. दुसरं कारण गोरख पांडे यांची फाशीच्या विरोधातली कविता. शीर्षकात फाशी द्या असं आहे, उपरोध ओळखायला कविता वाचावी लागते. सर्वोच्च न्यायालयातल्या नामांकित वकिलाला यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं, तिथं टोमॅटोच्या क्रेट भरता भरता आपला माणूस काय करणार? मार्च 2022 मध्ये केंद्राने त्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की कंपन्यांनी लोकांचे मूलभूत हक्क मानले पाहिजेत आणि अख्खं खातं बंद करणं हा शेवटचा उपाय असावा. सरकार स्वतःच खाती बंद करायला सांगतं तेव्हा हा विचार कुठं जातो, त्यावर भाग 4 मध्ये भरपूर लिहिलं आहे. आज ते नको.

तेव्हा येडगावकरांना माझा सल्ला कोर्टाचा नाही. 2021 च्या आयटी नियमांत नियम 4, पोटनियम 8 आहे. ज्या समाजमाध्यमाचे देशात 50 लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्याने स्वतःहून मजकूर काढायच्या आधी वापरकर्त्याला कळवायचं, कारण द्यायचं आणि हरकत घ्यायला पुरेशी संधी द्यायची, असं तो सांगतो. एक ओळीचं “प्राण्यांवरील क्रौर्य” म्हणजे कारण नव्हे, हे ठामपणे लिहा. कोणती क्लिप, कितव्या सेकंदाला काय दिसलं, हे विचारा. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत निकाल देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. अ‍ॅपमधलं ‘अपील’चं बटण दाबलं म्हणजे ही तक्रार झाली असं समजू नका, ती वेगळी करावी लागते. सोबत त्या दिवसाच्या परवानगीची प्रत जोडा, ती यात्रा कमिटीकडं मिळेल. आणि 18 मे 2023 च्या निकालाचा उल्लेख करा. वाचणारा माणूस हैदराबादेत असो की आणखी कुठं, या शर्यतीला कायद्याचं छत्र आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

पत्रात त्यांनी आणखी एक संशय घातला आहे. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या पेजवाल्याने पोरं जमवून रिपोर्ट मारले असावेत म्हणे. घाटावरची खुन्नस मी जाणतो, त्यामुळं अशक्य म्हणणार नाही. पण नुसत्या रिपोर्टच्या संख्येवर व्हिडिओ काढत नाही असं कंपन्या सांगतात. रिपोर्टमुळं तो तपासणीच्या रांगेत मात्र येतो, आणि रांगेत आलेल्या धुळीच्या क्लिपचं काय होतं ते आपण पाहिलंच. शिवाय त्यांच्या बऱ्याच क्लिपांना मागं सिनेमातली गाणी लावलेली दिसली. तो कॉपीराइटचा मामला पूर्ण निराळा, त्यात परवानगीची प्रत कामाला येत नाही. यूट्यूबवर तर 90 दिवसांत असे तीन स्ट्राइक जमले की चॅनल जातं. गाणं काढा हो. निवेदकाचा आवाज आणि घुंगरं पुरेशी आहेत.

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर आलं, किंवा 7 दिवस उलटूनही आलं नाही, तर पुढचा दरवाजा अपील समितीचा. तिथं 30 दिवसांच्या आत जावं लागतं, म्हणून तारखा लिहून ठेवा. समितीचं सविस्तर पुढच्या आठवड्यात, मंचरहून तमाशाच्या क्लिपांबद्दल आलेलं पत्र मला फार भुलवत नसेल तर.