पायांचे बळ मोजणारा काटा

रविवारच्या पहाटे बंगळूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सायकलस्वारांचे थवे दिसतात. त्यांपैकी पुष्कळांना जावयाचे असते ते शहरापासून सुमारे साठ किलोमीटरांवरील नंदीदुर्गाकडे. हा मुलूख मराठी माणसास अगदीच परका नव्हे. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. नंदीचा किल्ला मात्र टिपूच्या नावाशी जोडला गेला आहे. १७९१ साली तो इंग्रजांनी घेतला. आज त्याच वळणावळणाच्या घाटात संगणक-कचेऱ्यांतील तरुण-तरुणी आपल्या पायांचे बळ आजमावतात. नुसते आजमावून त्यांचे समाधान होत नाही. ते बळ त्यांना मोजून हवे असते. त्यासाठी ‘पॉवर मीटर’ नावाचे एक लहानसे यंत्र सायकलीला बसवितात.

हे यंत्र स्वस्त नाही. त्याची किंमत काही दहा हजारांपासून लाखाच्या पलीकडे जाते. म्हणजे चांगली नवी सायकल येईल इतकी. तेव्हा घरातील मुलाने किंवा मुलीने त्याचा हट्ट धरला, तर वडीलमंडळींनी ते काय करते हे समजून घेतलेले बरे.

ताणलेल्या तारेचा वीजरोध बदलतो, ही गोष्ट लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ सालीच दाखवून दिली होती. त्याच तत्त्वावर पुढे ‘स्ट्रेन गेज’ ही धातूवर चिकटविण्याची नाजूक पट्टी निघाली. सायकलीच्या पायट्यावर भार पडला की पोलादी किंवा अल्युमिनियमचा दांडा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो. ही पट्टी तो वाक टिपते. त्यावरून पीळ कळतो, पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार केला की शक्ती निघते, आणि ती वॅटमध्ये सायकलीच्या दांडीवरील पडद्यावर दिसते. सायकलीसाठी ही युक्ती व्यवहारात आणली ती जर्मनीतील उली शोबेरर यांनी, १९८६ साली.

नाडीचे ठोके मोजून हेच काम होणार नाही काय? काही अंशी होते. परंतु हृदय हे सावकाश उत्तर देणारे आहे. चढ सुरू झाल्यानंतर ठोके वाढावयास वेळ लागतो. शिवाय रात्रीची अपुरी झोप, उकाडा, सकाळी घेतलेली फिल्टर कॉफी, या साऱ्यांचा त्यांवर परिणाम होतो. वेगावर विसंबावे तर वारा आणि चढ आडवे येतात. वॅटचा आकडा मात्र त्या क्षणी पाय किती काम करीत आहेत एवढेच सांगतो. लांब पल्ल्याच्या स्वाराला याचे मोल अधिक. २०१७ साली बंगळूरचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. अशा शर्यतीत पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात खर्चिलेले बळ पुढे कोठून आणावयाचे?

तथापि, ज्याला केवळ आठवड्यातून एकदा फेरफटका मारावयाचा आहे, त्याने हा खर्च करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. घड्याळ आणि डोंगर एवढ्या दोन साधनांवर पुष्कळ काम भागते. समजा, स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन आहे आणि ४०० मीटर उंची तीस मिनिटांत चढली. नुसते वजन वर नेण्यासच सरासरी १७४ वॅट लागले. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. पुढच्या महिन्यात तेच अंतर अठ्ठावीस मिनिटांत कापले गेले, तर प्रगती झाली हे सांगावयास यंत्र कशाला? मात्र रोजचा सराव ठरावीक मापानेच करावयाचा असेल, शर्यतीत उतरावयाचे असेल, तर यंत्र आपली किंमत वसूल करून देते.

निवडीचा मुख्य प्रश्न म्हणजे ते बसवावयाचे कोठे. पायट्यांतील मीटर एका सायकलीवरून दुसऱ्या सायकलीवर सहज नेता येतो, पाहुण्या गावी सामानातूनही जातो. पण सायकल आडवी पडली की प्रथम आपटतो तो पायटाच, आणि बंगळूरच्या रस्त्यांवरील खड्डे कोणास ठाऊक नाहीत? पुढच्या दातेरी चक्राच्या मध्यभागी बसणारा मीटर अधिक सुरक्षित असतो. परंतु आपल्या सायकलीच्या सांगाड्यास आणि क्रँकच्या जातीस तो जुळतो की नाही, हे दुकानात सायकल नेऊनच पाहावे. सर्वांत स्वस्त तो डाव्या क्रँकवरचा. तो केवळ डावा पाय मोजतो आणि आकडा दुप्पट करून दाखवितो. दोन्ही पाय सारखे असतील तर ठीक; पण शंभरात अठ्ठेचाळीस भाग डाव्याचे असतील, तर २०० वॅटच्या जागी १९२ दिसतील. रोज तोच फरक राहिला तर सरावास फारशी बाध येत नाही. परंतु थकल्यावर हे प्रमाण बदलते, आणि गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेल्या माणसास तर दोन्ही पायांचा वेगळा हिशेबच हवा असतो. अशा माणसाने येथे काटकसर करू नये.

जाहिरातीत अचूकपणा एक-दोन टक्के सांगितलेला असतो. तो टिकविणे मात्र मालकाच्या हाती आहे. वाण्याच्या तराजूचे पारडे रिकामे असता काटा शून्यावर आहे ना, हे गृहिणी आधी पाहते. तसेच येथेही करावे लागते. सायकल घराबाहेर पंधरा मिनिटे ठेवून धातू हवेइतका थंड होऊ द्यावा, पायट्यावर भार नसावा, आणि मग शून्य लावून घ्यावे. नंदीच्या पायथ्याशी पहाटेचा गारठा आणि परतताना दहाचे ऊन यांत मोठे अंतर असते. अनेक मीटर तापमानाचा फरक स्वतः भरून काढतात, पण सगळ्यांचे काम सारखे नसते. शून्याचा आकडा कालच्याहून एकाएकी फार बदललेला दिसला, तर पायटा सैल आहे, ओल शिरली आहे किंवा दांड्याला धक्का बसला आहे असे समजावे.

काटा शून्यावर असला म्हणजे वजने खरी असतात असे नाही. त्याचीही परीक्षा घरी होते. १७० मिलिमीटरांचा क्रँक आडवा धरून पायट्याच्या आसावर खात्रीचे वीस किलो वजन टांगले, तर पीळ सुमारे ३३.३ न्यूटन-मीटर दिसला पाहिजे. पायट्यांतील मीटर असेल, तर क्रँकची लांबी त्यात बरोबर भरली आहे ना हेही पाहावे. १७०च्या जागी १७५ पडले की आकडा तीन टक्क्यांनी फुगलाच. पुष्कळांची ‘प्रगती’ या एवढ्याशा चुकीतून झालेली असते!

बंगळूरला नैर्ऋत्येचा पाऊस आणि मागाहून परतीचाही पाऊस, असा दुहेरी प्रसाद मिळतो. म्हणून भिजून आल्यावर सायकल कोरड्या फडक्याने पुसावी, बॅटरीच्या झाकणातील रबरी कडे फाटलेले नाही हे पाहावे, आणि धुताना जोराच्या पाण्याचा फवारा मीटरवर कधीही मारू नये. बटणासारखी बॅटरी असलेल्या मीटरसाठी एक जादा बॅटरी खोगिराखालच्या पिशवीत असावी. सायकल महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर आतली काढून ठेवावी. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात हे विसरून पाना फिरविणारे दर पावसाळ्यानंतर मिस्त्रीकडे येतात. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि कंपनीने सांगितले असेल तितकेच आवळावे. जुन्या पायट्यांच्या जागी नवे बसविले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ते अंगास बसतात, तेव्हा पुन्हा एकदा आवळून शून्य नव्याने लावून घ्यावे.