त्या गाठी नव्हेत

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला सोनोग्राफीसाठी गेलेली सून संध्याकाळी परतते आणि घरात एकच शब्द फिरू लागतो: गाठी. पाळी दोन-दोन महिने लांबते, लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात आता अंडाशयात गाठी. ऑपरेशन कुठे करायचं, याची चर्चा सुरू होते.

या एका शब्दाने बरंच नुकसान केलंय. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतात त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका. कपाशीला बोंडं धरली, पण फुटलीच नाहीत, तसं हे. (बाईला शेताची उपमा द्यायची आपली खोड जुनी आणि वाईट, म्हणून तुलना बोंडापुरतीच.) एरवी दर महिन्याला काही पुटिका वाढू लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि साधारण २० मिलिमीटरची झाली की फुटून बीज बाहेर पडतं. इथे त्या २ ते ९ मिलिमीटरवरच अडतात.

अडवतात संप्रेरकं. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी एलएच हे संप्रेरक जास्त पाठवते. दुसरीकडे इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते वाढवत नेतं. दोन्ही मिळून अंडाशयाला जास्तीची पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतात आणि पुटिका खुरटतात. हनुवटीवरचे केस आणि लांबलेली पाळी, दोन्हींचं मूळ हेच. दर दहा बायकांत साधारण एकीला हा त्रास असतो. सडपातळ बायकाही त्यात आल्या.

वजन जास्त असेल, तर पाच-दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते. तेवढ्याने भागलं नाही आणि मूल हवं असेल, तर लेट्रोझोल आहे. मुळात स्तनाच्या कर्करोगावरची ही गोळी इस्ट्रोजेन कमी करते. मग मेंदू एफएसएच हे पुटिका वाढवणारं संप्रेरक वाढवतो आणि पुटिका पुढे सरकते. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत क्लोमिफेन या जुन्या औषधाने १९.१ टक्के, तर लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना मूल झालं. २०१७ मध्ये इथली बंदी उठली.

पाळी लांबण्यामागे थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा बिघाडही असू शकतो. म्हणून डॉक्टर आधी कापाकापीऐवजी रक्ताच्या तपासण्या लिहून देतात. त्याच चिठ्ठीवर एक तपासणी नवऱ्याच्या वीर्याचीही असते. पुष्कळदा तेवढीच करायची राहून जाते.