कोड जाऊन नाही राहिला

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली, की अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सर, कोड जाऊनच नाही राहिला!’ प्रोजेक्ट बरेचदा शेतीचा. मातीतला ओलावा मोजायचा, त्यावर पंप चालवायचा. कपाशी-संत्र्याच्या मुलखात दुसरं काय सुचणार? प्रोग्रॅम बिनचूक कंपाइल झालेला असतो. अडतं ते लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यामधल्या हातभर वायरीत.

आर्डुइनो उनो या बोर्डवर कोडचा हा प्रवास नीट दिसतो. त्यातल्या एटीमेगा 328 पी चिपमध्ये 32 किलोबाइट फ्लॅश मेमरी असते आणि तिच्या टोकाच्या अर्ध्या किलोबाइटात बूटलोडर बसलेला असतो. चिप रीसेट झाली की आधी तो जागा होतो, क्षणभर लॅपटॉपकडून काही येतंय का पाहतो. नाही आलं तर जुना प्रोग्रॅम सुरू करून मोकळा होतो. नवा कोड शिरायचा तो त्या क्षणातच. तो क्षण साधण्याची युक्ती मला फार आवडते. लॅपटॉपने पोर्ट उघडला की डीटीआर नावाची सिग्नलची रेघ खाली येते, 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून तिचा झटका रीसेटला बसतो आणि चिप वेळेवर उठते. सुरुवातीच्या आर्डुइनोंवर त्यासाठी रीसेटचं बटण हाताने दाबावं लागे.

त्याआधीच्या पिढीला हेही सुख नव्हतं. इप्रॉम प्रकारची मेमरी पुसायला चिप अतिनील दिव्याखाली ठेवायची. नंतरच्या 8051 वर्गातल्या चिपा सॉकेटातून उपटून प्रोग्रॅमरमध्ये बसवायच्या आणि वाकलेल्या पिना सरळ करत बसायचं. त्या काळातला ‘कोड डंप करणं’ हा शब्दप्रयोग मुलांच्या तोंडी आजही आहे.

आता बिघाडाची पहिली संशयित म्हणजे मोबाइल चार्जरची केबल. काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डवरचा दिवा मात्र ऐटीत लागतो, त्यामुळे तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. स्वस्त बोर्डांवर यूएसबीचं बोलणं सीरियलमध्ये बदलणारी सीएच 340 चिप असते; तिचा ड्रायव्हर नसला तर पोर्टच दिसत नाही. ईएसपी 32 या बोर्डवर ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके वाढत राहिले, तर बूटचं बटण दाबून धरावं.

2021 साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोने हा खटाटोप संपवला. बूटसेल बटण दाबून जोडा, बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल त्यात टाका. सोय उत्तम, पण शिकायला मी उनोच हाती देईन, कारण तो आपली कळ लपवत नाही.

‘बोर्ड डेड झाला’ असं जाहीर झालेल्या उनोचा कित्येकदा फक्त बूटलोडर पुसलेला असतो. तो शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या उनोमधून, सहा तारा जोडून, परत भरता येतो. तेव्हा मात्र भरणाऱ्या उनोच्या रीसेटवर 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो. नाहीतर लॅपटॉपने हाक मारताच आपोआप रीसेट होऊन तोच स्वतःमध्ये कोड घ्यायला बसतो.