ताप भरणे आणि ऊन लागणे



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या जालना जिल्ह्यात पारा चाळीसच्या वर जातो. भोकरदन असो की घनसावंगी, नांगरट, धसकटे वेचणे, मोसंबीला पाणी देणे ही कामे काही थांबत नाहीत. अशात कुणाचे अंग तापले की आपण म्हणतो, "ताप भरलाय", आणि गोळी देऊन, गोधडी पांघरून त्याला निजवतो. इथेच घात होतो.

हिवतापासारखा रोग अंगात शिरला म्हणजे मेंदू स्वतःच शरीराला उष्णता वाढवायला लावतो. म्हणून अंग तापलेले असूनही हुडहुडी भरते. तापाची गोळी मेंदूचा हा हुकूम मागे घ्यायला लावते. घाम येतो, ताप उतरतो.

ऊन लागते तेव्हा मेंदूने असा हुकूम दिलेलाच नसतो. शरीर उष्णता बाहेर टाकू पाहते, पण त्याला ते जमत नाही. पाणी आटलेले इंजिन तापते ना, तसेच. इथे गोळी काय करणार? उलट यकृताला त्रास.

उष्णता १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेली की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. कातडी पुष्कळदा कोरडी पडते. पण राबता राबता ऊन लागलेल्याला घाम सुटलेलाही असतो. तेव्हा घामावर जाऊ नका, माणूस नीट बोलतो का ते पाहा.

नसेल बोलत तर सावलीत न्या, कपडे सैल करा, विहिरीचे, माठाचे, हाताशी असेल ते पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. १०८ क्रमांकाला फोन करा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. खिशातला कांदा राहू द्या हवा तर, त्याच्या भरवशावर मात्र बसू नका.

रानात राबावेच लागते असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले.

कामावर नवा आलेला गडी पहिल्या आठवड्यात जास्त जपावा; अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि मे महिन्यातल्या दुपारी ताप की ऊन हे कळेना, तर ऊनच लागले असे धरून आधी पाणी ओता.